चार दिवसांची झड आणि उघड्यावर उभी गाडी : नेमकं काय खराब होतं?

गिरणाकाठ
मंडळी, मदत पाहिजे. जळगावात भाड्याच्या खोलीत राहतो, घरमालकाच्या अंगणात शेड नाही त्यामुळे गाडी बारा महिने उघड्यावरच असते. १२५ सीसी, २०१७ ची, कार्बोरेटरवाली. वडिलांनी कापसाच्या पैशातून घेतलेली आणि मी नोकरीला लागलो तेव्हा चावी माझ्या हातात दिली, म्हणून जीव जास्त अडकलाय तिच्यात.

झालंय असं की गेल्या आठवड्यात झड लागली, चार दिवस सूर्य दिसला नाही. पाचव्या दिवशी सकाळी दहा-पंधरा किका मारल्या तेव्हा कशीबशी चालू झाली, अजिंठा चौफुलीपर्यंत गेली आणि भक भक करून मेली. ढकलत मेकॅनिककडे नेली. त्याने कार्बोरेटर खोलून साफ केला, साडेतीनशे घेतले, गाडी दोन दिवस एकदम मस्त पळाली. परवा रात्री परत धो धो पाऊस आणि काल सकाळी परत तेच नाटक. आता तो म्हणतो इंजिनात पाणी गेलं असेल, खोलून बघावं लागेल, चार-पाच हजार धरून चाल.

माझा प्रश्न सरळ आहे. नुसत्या पावसात उभी राहून गाडीच्या इंजिनात पाणी जातं का? आणि कव्हर घेऊन फायदा होईल का? पैसे आहेत पण उगाच इंजिन उघडायला मन होत नाही.

जंक्शनवाला
स्पार्क प्लग काढून पुसला का? आधी ते कर भो. प्लगची टोपी पण.

गिरणाकाठ
प्लग नवीनच टाकलाय, टोपी आतून कोरडी करून लावली. फरक नाही.

पांझरा_१८
मन्ही गाडी बी तशीच करे. घाबरू नको भो, इंजिन खोलू नको आते.

जुना_फिटर
गिरणाकाठ, इंजिन खोलायची घाई अजिबात करू नका. बत्तीस वर्षं मशिनींमध्ये हात काळे केलेत, त्यातून सांगतो.

इंजिन हा बंद डबा आहे. हवा आत जायला एकच वाट, ती फिल्टरच्या डब्यातून, आणि त्या डब्याचं तोंड सीटखाली किंवा साइड पॅनेलच्या आत आडोशाला असतं. वरून कितीही पाऊस पडला तरी तिथून पाणी उलटं चढून फिल्टर ओलांडून कार्बोरेटरमधून सिलिंडरमध्ये जाणं जवळजवळ अशक्य. दुसरी वाट सायलेन्सरची. त्याचं तोंड मागे असतं, तिरक्या पावसाने चार थेंब आत जातील पण इंजिनापर्यंत पोचायला आधी सायलेन्सरचं अख्खं पोट भरावं लागेल. बऱ्याच सायलेन्सरला खाली बारीक भोक असतं, पाणी तिथून गळून जातं. ते भोक कोणी वेल्डिंग करून बुजवलं नसेल ना तेवढं बघा, काही जण फुटलाय समजून बुजवून टाकतात.

खात्री करायची तर फुकटातली तपासणी आहे. ऑइलची काडी काढून बघा. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की रंग दुधाळ होतो, चहासारखा. काळं किंवा तपकिरी पण स्वच्छ असेल तर इंजिन ठीक आहे, मेकॅनिकला नमस्कार करा आणि घरी या.

गिरणाकाठ
काका, आत्ताच काडी बघून आलो. काळपट आहे, दुधाळ नाही. बरं वाटलं.

केळीचा_मळा
कव्हरबद्दल मी बोलतो कारण दोन कव्हरं वाया घालवलीत. आमचं घर मळ्यात, रावेर तालुका. पहिल्या वर्षी ते रेक्झिनचं जाड काळं कव्हर आणलं, खालून नाडी बांधून गाडी पार गुंडाळून ठेवायचो. पावसाळा संपला तेव्हा सायलेन्सर, स्टँड, नट-बोल्ट, स्पोक सगळं लाल. शेजारच्या काकांची गाडी नुसती लिंबाखाली उभी होती ती माझ्यापेक्षा बरी निघाली. कारण असं की जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते आणि कव्हरच्या आत अडकते, ऊन पडलं की आत भट्टी, रात्री परत पाणी होऊन पत्र्यावर बसते. म्हणजे पाऊस एक तास पडला तरी गाडी चोवीस तास ओली.

आता काय करतो, केळीच्या घडाला घालायच्या स्कर्टिंग बॅगा असतात ना, न विणलेल्या कापडाच्या, त्या दोन शिवून जोडल्या आणि फक्त वरून टाकतो, हँडलपासून सीटपर्यंत. खालचा भाग मोकळा. थोडं पाणी झिरपतं पण वारा लागला की तासाभरात सुकतं. मीटर, चावीचं भोक, टाकीचं झाकण आणि सीट एवढं झाकलं की बाकीचं भिजू द्या.

पांझरा_१८
पण भाऊ, कव्हर असलं की चोरांना गाडी कुठली ते कळत नाही, हा पण फायदा आहे. आमच्या गल्लीत धुळ्याला कव्हरवाल्या गाड्यांना कोणी हात लावत नाही.

केळीचा_मळा
तो मुद्दा मान्य. मग कव्हर घ्या पण दिवसा पाऊस थांबला की काढा. आणि गाडी गरम असताना टाकू नका, सायलेन्सरला चिकटून वितळतं. माझ्या पहिल्या कव्हरचा तुकडा अजून चिकटलेला आहे.

रत्नागिरी_ते_धुळे
माझं माहेर रत्नागिरी, लग्नानंतर धुळ्याला आले. तुमच्याकडच्या पावसाला पाऊस म्हणायचं का हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता :) आमच्याकडे गाड्या चार महिने भिजतात आणि वर खारा वारा. दोन वर्षांत मडगार्डला भोक पडतं. तरी सकाळी चालू होतात. इथे आल्यावर मात्र बघते, दोन दिवस झड लागली की गल्लीतल्या निम्म्या गाड्या रुसतात. हे असं का?

जुना_फिटर
ताई, फार चांगला प्रश्न विचारलात. याचं उत्तर पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात आहे.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उघड्यावर उभ्या गाडीची टाकी दुपारी हात लावायच्या लायकीची नसते. त्या उन्हात गाडीवरचं प्रत्येक रबर भाजतं. टाकीच्या झाकणाखालचं वायसर, प्लगच्या टोपीचं रबर, क्लच केबलच्या तोंडावरचं बूट, स्विचच्या आतली पॅकिंग, फिल्टरच्या डब्याची रिंग, सगळं कडक होऊन त्याला चिरा पडतात. मेमध्ये त्याचा त्रास कळत नाही कारण आत जायला पाणीच नसतं. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस आला की त्या चिरांतून पाणी घुसतं आणि आपण पावसाला नावं ठेवतो. कोकणात रबर असं भाजत नाही, तिथे पत्रा जातो. आपल्याकडे पत्रा टिकतो, रबर जातं.

म्हणून माझं म्हणणं कायम हेच आहे की आपल्याकडे गाडीला सावली पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त गरजेची. आणि आखाजी (अक्षय तृतीया) झाली की पावसाच्या आधी शंभर-दोनशे रुपयांची रबरं बदलून घ्या.

रत्नागिरी_ते_धुळे
हे कोणी सांगितलंच नव्हतं आजवर. धन्यवाद काका.

तितूरकाठ
पावसात उभी आणि पाण्याखाली उभी यात फरक आहे, तेवढं नवीन लोकांसाठी लिहून ठेवतो.

मी चाळीसगावचा. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी गावात घुसलं तेव्हा माझी गाडी हँडलपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर गाडीवर बोटभर गाळाचा थर. शेजारच्या पोराने घाईघाईत त्याच्या गाडीला सेल्फ मारला. एकदा टक्क असा आवाज आला आणि खेळ संपला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येऊन पाण्यावर आदळला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. त्याचा खर्च वीस हजारांच्या पुढे गेला.

मला आमच्या मामांनी बजावून सांगितलं होतं, चावीला हात लावू नको. बॅटरीची वायर काढली, गाडी ढकलत नेली. प्लग बाहेर काढून हळूहळू किक मारल्या तर प्लगच्या भोकातून पिचकारीसारखं पाणी उडालं. ऑइल सोडलं तर दुधाचा चहा. स्वस्तातलं ऑइल भरून दहा मिनिटं चालवली, तेही सोडून दिलं, मग चांगलं भरलं. टाकी, कार्बोरेटर पूर्ण रिकामे. फिल्टर नवा. दोन्ही चाकं खोलून ड्रममधला गाळ काढला, बेअरिंगला नवीन ग्रीस. वायरिंगचे जोड एकेक सोडवून उन्हात वाळवले. चार दिवस गेले पण गाडी आजही चालते.

विम्याचं पण सांगतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचा एक रुपया मिळत नाही, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग घेतलेला असावा लागतो. आणि बुडालेली गाडी तुम्ही स्टार्ट मारून इंजिन मोडलं तर कंपनी ते नाकारू शकते, म्हणते की मोडतोड पुराने नाही, तुमच्या स्टार्ट मारण्याने झाली. म्हणून आधी फोटो, मग कंपनीला फोन, मग गाडीला हात.

जंक्शनवाला
अंगावर काटा आला वाचून. त्या दिवशी कन्नड घाट पण बंद झाला होता दरडीने, माझा मेहुणा अडकला होता तिकडे, दुसऱ्या दिवशी घरी पोचला.

तितूरकाठ
हो, तो दिवस विसरता येत नाही. गाडी गेली तर घेता येते, जनावरं वाहून गेली लोकांची.

काळी_माती
माझ्या गाडीला पावसाने काही झालं नाही, स्टँडने झालं. साइड स्टँडवर लावली होती ओट्याच्या बाजूला, जमीन आपली काळी. रात्रभर पाऊस, माती लोण्यासारखी झाली, स्टँड रुतत गेला आणि पहाटे धाडकन आडवी. क्लचचा लिव्हर तुटला, इंडिकेटर फुटला आणि टाकीतलं दोन लिटर पेट्रोल वाहून गेलं ते वेगळं. तेव्हापासून फरशीचा तुकडा कायम डिकीत ठेवतो, स्टँडखाली टाकल्याशिवाय गाडी सोडत नाही. जास्त दिवस उभी ठेवायची तर डबल स्टँडवर, त्याखाली पण फळी.

धडगावचा_मास्तर
फरशीचा मुद्दा शंभर टक्के. आमच्याकडे तर चपटा दगड पायानेच सरकवतो आम्ही.

माझा अनुभव ब्रेकचा. दिवाळीच्या सुट्टीत गाडी शाळेजवळ उभी ठेवून गावी गेलो होतो, परतीचा पाऊस झाला. पंधरा दिवसांनी आलो तर मागचं चाक फिरेना. ढकलली तर घासत जाते. मला वाटलं गिअर अडकला. निघालं असं की ड्रममध्ये पाणी जाऊन गंज चढला आणि ब्रेक शू ड्रमला चिकटून बसले. खोलून पॉलिश पेपर मारला तेव्हा सुटलं. आता गाडी जास्त दिवस ठेवायची असेल तर पावसातून आल्यावर शेवटचे शंभर-दोनशे मीटर ब्रेक हलका दाबून चालवतो, ड्रम गरम होऊन सुकतो. डिस्कवाल्यांना हा त्रास नाही, डिस्कवर सकाळी नारिंगी थर दिसतो तो पहिल्या दोन ब्रेकमध्ये निघून जातो, त्याला घाबरून कोणी तिथे ऑइल लावू नका. ब्रेक लागणार नाही, जीव जाईल.

पांझरा_१८
डिस्कला ऑइल कोण लावेल मास्तर?

धडगावचा_मास्तर
माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी लावलं होतं. थोडक्यात वाचले.

शिरपूर_रायडर
मी तर पाऊस गेला की लगेच वॉशिंग सेंटरला नेतो, चिखल निघून गेला की गंज लागत नाही. प्रेशरने मस्त धुऊन मिळते, दर रविवारी.

जुना_फिटर
भाऊ, रागावू नका पण पावसापेक्षा ते प्रेशरचं पाणी गाडीला जास्त वाईट. पाऊस वरून पडतो, गाडी बनवणाऱ्याने तो धरूनच गाडी बनवलेली असते. प्रेशरचा पाइप खालून, बाजूने, वीतभरावरून मारतात. चाकाच्या बेअरिंगचं सील, हँडलखालची गोळ्यांची वाटी, चेनचं ग्रीस, मीटरची काच, प्लगची खाच, जिथे पाऊस कधीच पोचणार नाही तिथे ते पाणी घुसतं आणि बाहेर यायला वाट नसते. गाडी धुतल्यानंतर मिस मारते, म्हणजे मध्येच अडखळते, अशी तक्रार घेऊन किती लोक येतात ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा.

शिरपूर_रायडर
मग चिखल तसाच ठेवायचा का? चिखलाने गंज लागतोच ना. मी सहा वर्षं धुतोय काही झालं नाही.

केळीचा_मळा
चिखल काढायचाच. पण साध्या पाइपने, बादली-फडक्याने. मडगार्डच्या आतून हात घालून. काळी माती चिकटून राहिली की ओल धरून बसते, तिथूनच पत्रा जातो.

शिरपूर_रायडर
बरं, प्रेशर लांबून मारायला सांगेन. पण धुणं बंद करणार नाही.

जुना_फिटर
तेही चालेल. चार-पाच फुटांवरून, आणि बेअरिंग, स्विच, सायलेन्सरच्या तोंडात नाही. धुतल्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा म्हणजे सुकेल.

कानबाईचा_भाऊ
चेनबद्दल कोणी लिहिलं नाही. उघडी चेन एका रात्रीच्या पावसात लाल होते. पावसातून आल्यावर फडक्याने पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब लावा, चाक हाताने फिरवत, इंजिन बंद ठेवून. चालू गाडीत फडकं चेनमध्ये धरून बोटं गेलेली माणसं माहीत आहेत मला. ज्यांच्या गाडीला पूर्ण चेन कव्हर आहे त्यांनी निवांत राहा, फक्त कव्हरची रबरी टोपी पडलेली नाही ना बघा. आणि पेट्रोलने चेन धुऊ नका, ओ-रिंगवाली (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) असेल तर रिंगा खराब होतात, रॉकेल किंवा डिझेल बरं.

क्लच केबलला वरच्या तोंडातून चार थेंब ऑइल सोडत जा. पाणी तिथूनच उतरतं, मग एक दिवस केबल तुटते ती बरोबर नको त्या ठिकाणी. माझी कानबाईच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत तुटली होती, गर्दीत गाडी डोक्यावर घ्यायची वेळ आली होती.

बोदवड_एक्सप्रेस
झाडाखाली लावू का उघड्यावर? आमच्याकडे मोठा लिंब आहे.

काळी_माती
उघड्यावर. पाऊस थांबल्यावर पण लिंब दोन तास गळत राहतो, वरून पानं आणि लिंबोळ्या टाकीच्या झाकणाभोवती साचतात. शिवाय वादळात फांदी पडली तर विचारू नका. उन्हाळ्यात झाडाखाली, पावसाळ्यात मोकळ्यावर. जुना_फिटर काकांच्या रबराच्या हिशोबाने पण तेच बसतं.

जुना_फिटर
गिरणाकाठ, चर्चा सगळीकडे फिरली पण तुमचा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. काळी_मातीने झाकणाभोवती पानं साचतात म्हटलं त्यावरून सुचलं. मला तीन गोष्टी सांगा.

एक, त्रास दर वेळी पावसानंतरच होतो ना? दोन, गाडी मरायला लागली की टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला टाकल्यावर सुधारते की अजून बिघडते? तीन, टाकीचं झाकण टाकीच्या वर उठून आहे की खोलगट जागेत बसलेलं?

गिरणाकाठ
हो, पावसानंतरच. कार्बोरेटर साफ केल्यावर कोरडे दोन दिवस एकदम नीट होती. झाकण खोलगट जागेत आहे, चावीने उघडणारं. आणि रिझर्व्हचं तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, काल चौफुलीवर मेली तेव्हा पेट्रोल संपलं असेल म्हणून रिझर्व्हला टाकली तर चालूच होईना, परत मेनला आणल्यावर कशीबशी निघाली. मला वाटलं मलाच भास होतोय.

जुना_फिटर
भास नाही. तुमच्या टाकीत पाणी आहे.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाला जाऊन बसतं. मेनची नळी टाकीत थोडी उंच उभी असते, रिझर्व्हचं तोंड तळाशी. म्हणून रिझर्व्हला टाकलं की गाडी आधी पाणी ओढते. मेकॅनिकने कार्बोरेटर साफ केला तेव्हा कटोरीतलं पाणी निघालं आणि गाडी सुधारली, पण टाकीतलं तसंच राहिलं आणि वरून नवीन येत राहिलं.

येतं कुठून ते सांगतो. झाकणाच्या त्या खोलगट जागेत एक बारीक भोक असतं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. त्याला नळी जोडलेली असते, ती खाली इंजिनाच्या मागे जमिनीकडे सोडलेली. पावसाचं पाणी खळग्यात पडलं की त्या नळीने खाली जातं. ती नळी तुंबली की खळगा भरतो, झाकण पाण्यात बुडतं आणि रबराला चीर असली की रात्रभर थेंब थेंब आत. तुमच्या गाडीत नळीही तुंबलीय आणि रबरही गेलंय असा माझा अंदाज.

तपासायचं असं. झाकण बंद ठेवून खळग्यात वाटीभर पाणी ओता आणि खाली बघा. लगेच खाली गळायला पाहिजे. नाही गळलं तर चोर सापडला.

मग नळीत सायकलचा स्पोक किंवा बारीक तार घालून मोकळी करा, झाकणाचं वायसर बदला. टाकी पूर्ण रिकामी करा, कॉकच्या नळीतून काचेच्या बाटलीत सोडा, उघड्या जागी, विडी-काडी-फोन लांब ठेवून. बाटली दहा मिनिटं ठेवली की थर वेगळा दिसेल. कार्बोरेटरच्या कटोरीला खाली स्क्रू असतो तोही सोडा. तळाचं पाणी गटारात किंवा विहिरीजवळ टाकू नका, त्यात पेट्रोल असतं. गॅरेजवाल्याकडे द्या.

जंक्शनवाला
काका 🙏

शहादा_टू_सुरत
यात अजून एक. आता पंपावर ई-२० मिळतं, त्यात वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलला पाणी फार आवडतं, थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं आणि ते इंजिनात जळून जातं, कळतही नाही. पण पाणी मर्यादेपेक्षा वाढलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्यासोबत तळाला जाऊन बसतं. म्हणजे तळाचा थर नुसत्या पाण्यापेक्षा जास्त जाड होतो. जुन्या काळात कपभर पाणी गेलं तर कपभरच निघायचं, आता तसं नाही. म्हणून बाटलीत तळाचा थर जास्त दिसला तर घाबरू नका, सगळं पावसाचं पाणी नाही ते. वरचं पेट्रोल पण परत वापरू नका असं माझं मत, त्यातला इथेनॉल निघून गेलेला असतो.

बोदवड_एक्सप्रेस
इंजेक्शनवाल्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या गाडीत पण असंच होतं का? माझी २०२१ ची आहे.

शहादा_टू_सुरत
झाकणाचा खळगा आणि नळी तुझ्या गाडीला पण असणार. आणि तुझ्या गाडीचा पेट्रोल ओढणारा पंप टाकीच्या आत तळाशी आहे, त्यात पाणी गेलं तर खर्च कार्बोरेटरवाल्यापेक्षा जास्त. म्हणून तू तर आजच बघ.

गिरणाकाठ
मंडळी, आज रविवार, सकाळपासून हेच केलं. सगळं सांगतो.

खळग्यात वाटीभर पाणी ओतलं. खाली एक थेंब नाही. पाणी तसंच उभं, मग पाच मिनिटांनी बघतो तर अर्धं कमी झालेलं. म्हणजे झाकणातून आत गेलं, माझ्या डोळ्यांसमोर. खालून नळी ओढून काढली आणि तार घातली तर तार जाईना. नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, दगडासारखं घट्ट, आत वाळलेल्या अळ्या. तार, पाणी, परत तार असं करत अर्ध्या तासाने मोकळी झाली. झाकणाचं वायसर बोटाने दाबलं तर दोन ठिकाणी तुटून हातात आलं. काकांनी उन्हाळ्याचं सांगितलं ते अक्षरशः दिसलं.

टाकी सोडली. दोन लिटरच्या काचेच्या बरणीत खाली चार बोटं वेगळा थर, वर पेट्रोल, मध्ये रेघ काढल्यासारखी. आई गावाहून आलेली आहे, तिने बरणी बघून विचारलं हे काय लोणचं घालतोय :) थोडं गंजाचं लाल पण आलं खाली. दोनदा ताजं पेट्रोल अर्धा लिटर घालून खळखळून सोडलं. कार्बोरेटरची कटोरी सोडली, त्यातही पाणी.

वायसर साठ रुपये, नळी तीस, वाया गेलेलं पेट्रोल धरून सव्वापाचशेच्या आत. चौथ्या किकला चालू. मेहरूण तलावाला दोन चकरा मारून आलो, रिझर्व्हवर पण चालवून बघितली, एकदाही अडखळली नाही.

वडिलांना फोन केला. ते म्हणाले, मी दर दिवाळीला ती नळी काढून फुंकायचो, तुला सांगायचं राहूनच गेलं.

पांझरा_१८
वा भो!! जमनं!

जुना_फिटर
छान केलंत. आता दोन गोष्टी. टाकीत आतून थोडा गंज सुरू झालाय, तर पावसाळाभर टाकी भरलेली ठेवत जा, रिकाम्या टाकीत दमट हवा जाऊन रात्री आतून घाम सुटतो. आणि पाच-सहाशे किलोमीटरनंतर कार्बोरेटरची कटोरी परत एकदा सोडून बघा.

ठिबकवाला
नळी तीस रुपयांची कशाला, ठिबकची बारीक फीडर नळी लावायची, आमच्याकडे शेतात पडलेली असते.

केळीचा_मळा
नको भाऊ, मी लावली होती. उन्हाने कडक होते आणि भोक इतकं बारीक की एका पावसाळ्यात परत तुंबली. रबराची पेट्रोल पाइपच बरी. आणि खालचं तोंड तिरकं कापा, चिखल कमी चिकटतो.

ठिबकवाला
मोठ्या भोकाची पण येते ना.

केळीचा_मळा
ती टाकीच्या त्या खिट्टीवर, नळी जोडायच्या टोकावर, बसत नाही. करून झालंय.

धडगावचा_मास्तर
कुंभारीण माशी आत घर करू नये म्हणून नळीच्या तोंडाला जाळी बांधली तर?

जुना_फिटर
जाळीत कचरा अडकेल. त्यापेक्षा महिन्यातून एकदा वाटीभर पाणी ओतून बघायचं. दोन मिनिटांचं काम.

रत्नागिरी_ते_धुळे
माझ्या स्कूटरला असा खळगा नाही, सीटखाली झाकण आहे. पण सीटचं कव्हर फाटलंय, फोम पाणी पितो आणि ऑफिसला गेल्यावर ड्रेस ओला. त्यावर काय?

काळी_माती
ताई, आतला फोम एकदा उन्हात पूर्ण वाळवून त्याला जाड प्लास्टिक गुंडाळा आणि वरून नवीन कव्हर ताणून घ्या. दीडशे-दोनशेत कुशनवाले करून देतात. नुसतं वरून प्लास्टिक घातलं तर आतला फोम कुजून वास येतो.

बोदवड_एक्सप्रेस
शहादा_टू_सुरत, तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता अंगणात जाऊन वाटीभर पाणी ओतलं. उभंच राहिलं. नळी काढली तर चिखल आणि लिंबाची वाळकी पानं, आत पूर्ण गच्च. टाकीत अजून पाणी गेलेलं दिसत नाही, रबर बहुतेक शाबूत आहे. उद्या सकाळी वायसर पण बदलून टाकतो. गाडी लिंबाखालून काढून आत्ताच मोकळ्यावर लावली, स्टँडखाली फरशी ठेवून.